आफ्रिकेचा कॅमेरा आधी जामनेरच्या शिवारात चालवा

आफ्रिकेला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो लेन्सचा. ‘सहाशेची घेऊ की चारशेची चालेल?’ प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर पाचवा-सहावा लागायला हवा. गाडीत किती जण बसणार, मला खिडकी मिळणार का, सकाळी किती वाजता निघणार, हे आधी विचारा. आणि स्वतःला विचारा, की समोरच्या जनावरावरची नजर न काढता माझं बोट कॅमेऱ्याच्या योग्य बटणावर जातं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नैरोबीत मिळत नाही. ते जामनेर, पहूर, शेंदुर्णीच्या शिवारात मिळतं, आणि फुकट मिळतं.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान साधारण सहा तासांत पोचतं. जामनेरहून मुंबई गाठायला त्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे अंतराचा बाऊ करायचं कारण नाही. पण खर्च मोठा आहे आणि तिथे मिळणाऱ्या सकाळी मोजक्याच असतात. त्यातली पहिली सकाळ कॅमेऱ्याचा मेनू चाळण्यात गेली, तर सिंह काही थांबून राहत नाही. म्हणून हा लेख थोडा उलट्या क्रमाने लिहिला आहे. घरून सुरुवात करायची आणि केनियातल्या मसाई मारापर्यंत जायचं.

म्हैस, बगळा आणि रोही

कांग नदीच्या काठी किंवा कोणत्याही तळ्यावर संध्याकाळी म्हशी असतात आणि त्यांच्या पाठीवर गायबगळे. जंगली जनावरांच्या छायाचित्रणातला प्रकाशमापनाचा सगळ्यात अवघड धडा तिथेच बसलेला असतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं करडं धरून चालतो. काळी म्हैस चौकटभर घेतली, की तिलाही तो करडी करायला बघतो आणि फोटो नको तितका उजळ येतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणेकडे न्यायचं, अर्धा ते एक स्टॉप. पांढरा बगळा चौकटभर आला तर उलट, अधिककडे. पण बगळा लहान आणि त्याच्यामागे काळी म्हैस पसरलेली असेल, तर बगळ्याचं अंग पांढरंफट्ट होऊन पिसांचा मागमूस राहत नाही. तिथे परत उणे. हे वाचून लक्षात राहत नाही. पाच-सहा संध्याकाळी म्हशींपाशी घालवल्या की बोटांना आपोआप कळू लागतं. मसाई मारात हाच प्रसंग जशाचा तसा समोर येतो. तिथली रानम्हैस अंगाने आणि स्वभावाने वेगळी आहे, पण रंग तोच, आणि गायबगळा तर तिथेही असतो.

दुसरा धडा रोह्यांचा. कपाशीच्या किंवा मक्याच्या शेताच्या कडेने नीलगाईंचा कळप दिसणं आपल्याकडे नवलाचं नाही. शेतकऱ्याला तर ती डोकेदुखीच आहे. आपली रोही माणूस पाहिला की पळते. आफ्रिकेतल्या अभयारण्यांत जनावरं गाड्यांना सरावलेली असतात, त्यामुळे इथे ज्याला बुजऱ्या रोहीचा धड फोटो मिळतो त्याला तिथे जनावर जवळ यायची चिंता राहत नाही. मोटारसायकलने तिचा पाठलाग मात्र करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, पळवणं हेही येतं, हातात बंदूक नसली तरी. बांधावर चारचाकी उभी करा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या आणि गाडीतूनच फोटो काढा. पुढे सफारीत तुम्ही असेच बसणार आहात. खिडकीच्या कडेवर लेन्स टेकवणं, गाडीत शेजारचा हलला की श्वास रोखणं, तिरक्या अंगाने वळून दोन्ही बाजू बघणं, याची सवय इथेच होते.

उडणाऱ्या पक्ष्यासाठी दसऱ्याचा आपला नीलकंठ पुरेसा आहे. तो तारेवर, खांबावर ठाण मांडून बसतो आणि एकदम किड्यावर झेपावतो. तो उडण्याआधी किंचित वाकतो, कधी शीट टाकतो. ते दिसलं की बोट दाबायचं. आफ्रिकेत त्याचा जांभळ्या छातीचा भाऊबंद अगदी याच रीतीने झुडपाच्या टोकावर बसलेला दिसतो आणि बहुतेक पर्यटकांच्या कॅमेऱ्यात तो बसलेलाच येतो, कारण उडण्याचा क्षण त्यांनी कधी ओळखायला शिकलेला नसतो. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाणवठ्यावर बदकांचे थवे उतरतात, तिथे एखादी सकाळ काढा. थवा उठला की कॅमेरा कुठे फोकस करतो, मागच्या पक्ष्यावर की पुढच्या, हे तिथे कळतं.

तिसरी शाळा अजिंठ्याची. लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि आत अंधुक उजेड. म्हणजे आयएसओ वाढवून, हात स्थिर ठेवून, भिंतीला न टेकता फोटो काढायचा. सूर्य उगवण्याआधी सिंहीण पिलांना घेऊन चालत असते तेव्हा उजेड साधारण एवढाच असतो. आपला कॅमेरा आयएसओ ३२०० ला किती दाणेदार दिसतो, ६४०० ला किती, हे घरीच माहीत असलं की तिथे हात आखडत नाही. नवशिका माणूस दाणे येतील या भीतीने आयएसओ कमी ठेवतो आणि फोटो हलतो. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सरळ होत नाही.

सातपुड्यात यावल अभयारण्यात जाऊन बघायलाही हरकत नाही, पण तिथे जनावर दिसण्याची अपेक्षा बेताचीच ठेवा. झाडीच्या जंगलात जनावर दिसतं ते पानांच्या आडून, क्षणभर. मसाई मारा त्याच्या नेमकं उलट, सगळं उघडं माळरान. तसं मोकळं गवत हवं असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी किंवा वाशिम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ ही काळविटांची अभयारण्यं गाठा. रेहेकुरी तर जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत काळविटांची झुंज, उड्या, उगवतीच्या प्रकाशातली शिंगं, सगळं मिळू शकतं. जरा लांब जायची तयारी असेल तर भावनगरजवळचं वेळावदर. आफ्रिकेच्या आधी वेळावदर केलेला माणूस गाडीत बसल्यावर ओळखू येतो.

खिडकी विकत घ्या, लेन्स भाड्याने

आता पैशांचं. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्राचं प्रवेश शुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढ प्रवाशासाठी जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर झालं आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात सेरेंगेटीकडून विल्डबीस्ट आणि झेब्र्यांचे लाखोंचे कळप मारा नदी ओलांडून येतात. नदी ओलांडतानाची ती धडपड, मगरी, धूळ हेच बहुतेकांना हवं असतं, म्हणून गर्दीही तेव्हाच. पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ स्थलांतर करत नाहीत. ते बारा महिने तिथेच असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला जानेवारी-फेब्रुवारीचा आहे. शुल्क निम्मं, गाड्या कमी आणि चालकाला तुमच्यासाठी वेळ. एप्रिल-मे हे तिकडचे मोठ्या पावसाचे महिने. रस्ते चिखलाचे होतात, ते टाळा.

वाचलेले पैसे लेन्सवर घालू नका. ते गाडीवर घाला. गटसहलीत एका गाडीत सहा-सात जण बसवतात. त्यात चौघांना फोटोत रस नसतो, त्यांना पुढचा हत्ती बघायचा असतो, आणि तुम्ही बिबट्या झाडावरून उतरायची वाट बघत असता. वाद होतो, सहल नासते. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारा, की एका गाडीत किती जण, प्रत्येकाला स्वतंत्र खिडकी की नाही, गाडी उघड्या बाजूंची लँड क्रूझर की वर उचलणाऱ्या छताची व्हॅन. फोटोसाठी एका गाडीत तीन जण उत्तम, चार चालतील. चार मित्र जमवून स्वतंत्र गाडी घेतली तर खर्च वाटतो तितका वाढत नाही. दोन ठिकाणी धावपळ करण्यापेक्षा एकाच ठिकाणी चार रात्री राहा. नैरोबीहून मसाई माराला रस्त्याने पाच-सहा तास लागतात. रोज मुक्काम बदलणारी सहल म्हणजे निम्मा प्रकाश रस्त्यावर घालवणारी सहल.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, न्याहारीची. आपल्या लोकांना सकाळी गरम चहा-नाश्ता झाल्याशिवाय हलवत नाही. गटसहलीत साडेसातला नाश्ता, आठ-सव्वाआठला गाडी, असा बेत असतो. तोवर खेळ संपलेला असतो. मसाई मारा विषुववृत्तापासून दक्षिणेला जेमतेम दीड अंशावर आहे. तिथे बाराही महिने सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि जवळजवळ सरळ वर चढतो. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दिवसभर कलून राहतो, नऊ वाजताही सावल्या लांब असतात. तिथे तसं नाही. साडेसात-आठपर्यंत सोनेरी उजेड, मग तो भराभर पांढरा होतो. म्हणून फाटक उघडताच, सहाला निघायचं आणि नाश्ता डब्यात बांधून घ्यायचा. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री सांगितलं की ते बांधून देतात. सोबत घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर उत्तमच.

लेन्सचं उत्तर आता देतो. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १००-४०० पुरेशी आहे. फुल फ्रेम असेल तर १५०-६०० किंवा २००-६०० बघा. झूमच घ्या. एका क्षणी सिंह पन्नास फुटांवर असतो आणि दुसऱ्या क्षणी गाडीच्या सावलीत येऊन बसतो, तेव्हा सहाशेच्या स्थिर लेन्सने त्याच्या नाकाचा फोटो येतो. मुंबई-पुण्यात अशा लेन्स दिवसावर भाड्याने मिळतात. विकत घेऊन वर्षातून एकदा वापरण्यापेक्षा ते शहाणपणाचं. मात्र भाड्याची लेन्स निघण्याच्या आठवडाभर आधी घ्या आणि वर सांगितलेल्या म्हशींवर चालवून बघा. दुसरा जुना कॅमेरा असेल तर त्याच्यावर २४-७० सारखी छोटी लेन्स लावून मांडीवर ठेवा. धुळीत लेन्स बदलायची वेळ येत नाही, आणि हत्तींचा कळप गाडीला वळसा घालून जातो तेव्हा तीच कामाला येते.

ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत त्याला जागाच नसते. बीन बॅग हवी. जुन्या जीन्सच्या पायाची, चेन लावलेली पिशवी गावातला शिंपी शिवून देतो. ती रिकामी न्या. आपल्याकडून हरभरा-उडीद भरून नेलेत तर वजन वाढेल आणि तिकडच्या विमानतळावर धान्य-बियाण्याला हरकतही येईल. नैरोबीत किंवा वाटेत नारोकला दोन-तीन किलो राजमा किंवा तांदूळ घ्या, भरा, आणि शेवटच्या दिवशी ते चालकाला देऊन टाका.

गाडीत बसल्यावर

सेटिंगचा फार घोळ घालू नका. अॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल विथ ऑटो आयएसओ, जो हाताला बसेल तो. बसलेल्या-उभ्या जनावराला १/५०० सेकंद, चालत्याला १/१०००, धावत्याला आणि उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा जास्त. अॅपर्चर शक्य तितकं उघडं. पण एका चौकटीत आई आणि पिलू पुढेमागे असतील तर एफ ८ पर्यंत बंद करा, नाहीतर पिलाचे डोळे धूसर येतात. फोकस सतत-मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर ठेवा. नव्या कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा ओळखायची सोय असते, ती चालू करा. मात्र उंच गवतात ती गवताच्या काडीला धरते, तेव्हा एक बिंदू निवडून डोळ्यावर ठेवायची सवय असावी. रॉ मध्ये काढा, दिवसाला हजार फोटो होतील हे धरून कार्ड न्या, आणि रोज रात्री एक प्रत वेगळ्या जागी करा.

इंजिन बंद करायला सांगायची लाज वाटू देऊ नका. चालू इंजिनाच्या थरथरीत १/१००० ला सुद्धा लांब लेन्सचा फोटो मऊ येतो. चालकाला पहिल्याच संध्याकाळी बसवून सांगा, की मला यादी पुरी करायची नाही, एका जागी थांबलेलं चालेल, सूर्य माझ्या पाठीमागे किंवा बाजूला येईल अशी गाडी लाव. बिग फाइव्ह म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. ही यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, पायी शिकारीला कोण अवघड त्यावरून. फोटोवाल्याला तिचं ओझं कशाला? माझ्या मते मसाई मारातला सर्वांत सुंदर विषय जिराफ आहे आणि सर्वांत मनोरंजक तरस. दोघांकडे गाड्या थांबत नाहीत. चालकांच्या वायरलेसवरचे तीन-चार स्वाहिली शब्द कानात ठेवा: सिंबा सिंह, चुई बिबट्या, दुमा चित्ता, ट्विगा जिराफ. ‘चुई’ ऐकू आलं की कॅमेरा मांडीवरून हातात येतो.

वरचं छत उघडं असलं की सगळे उभे राहतात. तुम्ही बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत सिंह खाली, आपण वर. जनावर बुटकं आणि गवतात बुडालेलं दिसतं. खिडकीतून लेन्स जितकी खाली नेता येईल तितकी न्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आली की चित्रात जीव येतो. हात-डोकं बाहेर काढायचं नाही आणि गाडीतून उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दहानंतर उन्हात लांबचे फोटो काढून कार्ड भरू नका. मे महिन्यात भुसावळ-जामनेर रस्त्यावर दुपारी डांबर पाण्यासारखं लहरताना आपण बघतो, तीच तापलेली हवा लेन्ससमोर असते. दोनशे मीटरवरचा चित्ता कितीही महागड्या लेन्समधून विरघळल्यासारखा येतो, आणि माणूस घरी येऊन लेन्सला दोष देतो. त्या वेळी जवळचं बघा, नाहीतर झाडाखाली गाडी लावून डुलकी काढा. चार वाजता परत निघायचं. उतरत्या उन्हात सूर्याकडे तोंड करूनही बघा: धुळीतून चालणारा कळप मागून उजळला, की कडा सोन्याच्या होतात. तिथे एक्स्पोजर उणेकडे न्या आणि सावली काळी झाली तर होऊ द्या. धावत्या झेब्र्याचा मागोवा घेत १/३० सेकंदावर कॅमेरा फिरवून बघायलाही हीच वेळ. याचा सराव घरी रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलींवर होतो. पाचोरा-जामनेरची नॅरोगेज गाडी चालू असती तर तिच्याइतका शांत, सोशिक विषय दुसरा नव्हता.

चौकटीत काय ठेवायचं

परत आलेल्यांच्या फोटोंत एक दोष हमखास असतो. प्रत्येक चित्रात जनावराचं तोंड चौकट भरून, मागे काही नाही. असे पन्नास फोटो बघितल्यावर हे जुनागढचं सक्करबाग प्राणिसंग्रहालय की केनिया, सांगता येत नाही. जनावराभोवतीची जागाही चौकटीत येऊ द्या: एकटं बाभळीसारखं झाड, मागचा पावसाचा पडदा, गवताचा उतार. जनावर ज्या दिशेला बघतं त्या बाजूला मोकळी जागा सोडा.

यासाठी पुन्हा अजिंठ्याला जावं लागेल. सतराव्या लेण्यात छद्दंत जातक चितारलं आहे. हत्तींचा कळप, झाडी, कमळांचं तळं सगळं एकमेकांत गुंतलेलं. हत्ती कुठे संपतो आणि जंगल कुठे सुरू होतं ते वेगळं काढता येत नाही. पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आणि चौघांत मिळून एकच डोकं कोरलंय. गर्दीत एकमेकांवर आलेले झेब्रे काढताना ते आठवा. शरीरं गुंतू देत, एक डोळा स्वच्छ असला की पुरे. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी एप्रिल १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीसाठी आला आणि त्याला दहावं लेणं दिसलं. त्याने तिथे आपलं नाव-तारीख खरडून ठेवली. जनावरामागे फिरता फिरता भलतंच मोलाचं काही हाती लागतं, हा भाग त्याच्याकडून घ्यावा, खरडण्याचा नव्हे.

प्रकाशासाठी चाळीसगावला जा. केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याचा मोठा काळ रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात काढला आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, दिव्यांचा खेळ करून अशी छायाचित्रं केली की देशोदेशीची पारितोषिकं त्यांच्याकडे आली. ज्याला चिखलाचा गोळा आणि कापूस यांतून डोंगर उभा करता येतो, त्याला आफ्रिकेची गरज नव्हती. आपल्याला आहे; पण प्रकाश कोणत्या बाजूने आला तर वस्तू गोल दिसते आणि कोणत्या बाजूने आला तर चपटी, हे त्यांच्या चित्रांसमोर अर्धा तास उभं राहिलं की कळतं.

चित्त्याला वेळ द्या

मसाई मारात चित्ता दिसला की वायरलेसवर बातमी पसरते आणि वीस मिनिटांत गाड्यांचं कडं होतं. राखीव क्षेत्राचा नियम एका शिकारी प्राण्याभोवती पाच गाड्यांचा आहे. गर्दीच्या महिन्यांत तो मोडताना दिसतो. याची किंमत कोण देतं? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसाई मारातल्या एका अभ्यासात असं आढळलं, की पर्यटक कमी असलेल्या भागात चित्त्याची मादी एका वेतातली सरासरी २.३ पिलं मोठी करते, तर पर्यटकांची वर्दळ असलेल्या भागात ०.२. चित्ता दिवसा शिकार करतो. गाड्यांनी वाट अडवली की त्याची शिकार हुकते, पिलं उपाशी राहतात. त्यामुळे सहावी गाडी आपली असेल तर चालकाला मागे थांबायला सांगा. ‘अजून जवळ घे’ म्हणून नोटा पुढे करणारे प्रवासी कुठले असतात, ते इथे लिहीत नाही.

नदी ओलांडण्याच्या वेळीही तेच. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो, पुढे येतो, मागे फिरतो. गाड्या पाण्याच्या वाटेवर गेल्या तर तो येतच नाही. लांब, उंचावर थांबा आणि छोट्या लेन्सने सगळा काठ घ्या. रस्ता सोडून गवतात गाडी घालायला राखीव क्षेत्रात बंदी आहे. लगतच्या खासगी संवर्धन क्षेत्रांत मुभा असते, गाड्याही कमी असतात. खर्च जास्त, पण परवडत असेल तर दोन रात्री तिथे काढाच.

हे भान घरीही हवं. १८८४ नंतर कुणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला, तेव्हापासून फोटोवाले त्याच्या मागे आहेत. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणारे महाभाग आहेत. हे करू नका, दुसरा करत असेल तर थांबवा. मुक्ताईनगरकडे केळीच्या बागांत वाघ दिसल्याची बातमी आली की कॅमेरा घेऊन धावणारेही असतात. तिथे वनखात्याच्या माणसांना त्यांचं काम करू द्या.

बॅग भरताना

मसाई मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. पहाटे उघड्या गाडीत स्वेटर, कानटोपी लागते. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांतून जाणाऱ्यांना हे खरं वाटत नाही आणि मग ते शाल म्हणून हॉटेलचं ब्लँकेट पांघरून बसतात. कपडे मातकट रंगाचे. पण सैनिकी छापाचे नकोत. आपल्याकडे जंगलात जाणाऱ्यांचा तो आवडता पोशाख असला तरी केनियात सामान्य माणसाने तो घालायला मनाई आहे. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा कॅमेरा गुंडाळायला कापडी पिशवी आणि एक मोठा सुती रुमाल न्या. धूळ बारीक असते. हवेच्या फुग्याने झटका, कापडाने घासू नका. मसाई माणसांचे फोटो काढण्याआधी विचारा, पैसे आधी ठरवा.

छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत, असा नियम असतो. लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात. तिकडचे प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात, अडॅप्टर लागेल. ड्रोन नेऊ नका. लेन्स महागाची असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला करून घ्या, म्हणजे परतताना ‘ही तिकडून आणली का’ हा प्रश्न उरत नाही. व्हिसाऐवजी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो.

कॅमेरा नाही, फक्त फोन आहे? तरी जा. झूम न करता काढा: क्षितिज, ढग, हत्तींची रांग, गाडीशेजारचा जिराफ. दूरच्या सिंहासाठी फोन खिशात ठेवून ८x४२ ची दुर्बीण डोळ्याला लावा. लांबच्या ठिपक्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवून कुणाला काही दिसत नाही.

आणि सगळ्यात आधी करायचं काम: पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परतताना तिचा दाखला मागतात. ती तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तीही आधी नाव नोंदवून. टोचल्यानंतर दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. दाखल्याशिवाय परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तिकिटाच्या आधी लशीची तारीख घ्या.